‘दमसास’ची कुळकथा

रत्नागिरी,
५ ऑगस्ट १९२९

ती. सौ. तुळसाताईस,
धाकट्या आत्मारामाचा नमस्कार.

जैतापूरच्या माणसाकडे दिलेली सोलं आणि सुके बांगडे पोचले. बांगडे खोलीत ठेवल्यापासून शेजारचे ड्रॉइंगमास्तर रोज संध्याकाळी माझी विचारपूस करायला येतात. यंदाचा पाऊस छातीला बरा गेला. दमा उठला, पण अडुळशाच्या काढ्याने बसलाही. शाळा बुडवावी लागली नाही, तेव्हा काळजी करू नकोस.

आज लिहायचं कारण वेगळंच आहे. आमच्या शहरात सध्या भाषा निवडायचं काम जोरात चालू आहे. तांदळातले खडे वेचावे तसे लोक बोलण्यातले फारसी-अरबी शब्द वेचून बाहेर टाकतात. परवा मी वर्गात ‘तारीख’ म्हटलं, तर मागच्या बाकावरून सुधारणा आली, ‘दिनांक, गुरुजी!’ मलाही या कामात गोडी आहे, खोटं कशाला सांगू? पण त्यातूनच एक लचांड गळ्यात पडलं.

आमच्या व्यायाम मंडळाने दिवाळीनंतर भाट्याच्या खाडीत पोहण्याच्या शर्यती ठेवल्या आहेत. जो लवकर पार होईल त्याला पेला, आणि जो न थांबता सगळ्यात जास्त वेळ पोहेल त्याला ढाल. मी सहज म्हटलं, “या ढालीला ‘दमसास ढाल’ म्हणू या.” आमचे अध्यक्ष वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले, “मास्तर, दम फारसी आहे. तो ढालीवर कोरायचा?” मी म्हटलं, “संस्कृतातही दम आहे. शम-दमातला.” ते म्हणाले, “तो हाच, असं सिद्ध करा. नाही तर शुद्ध शब्द आणून द्या.” आणि नवरात्रातल्या व्याख्यानमालेतला एक दिवस माझ्या नावावर लागला. विषय: ‘दमसास: अर्थ आणि उगम’. दम्याच्या माणसाने दमसासावर बोलायचं! देवाला थट्टा आवडते.

तर तुमच्या नाटे गावात लोक हा शब्द कसकसा वापरतात ते ऐकून मला कळव. तुझ्या सासऱ्यांना जरूर विचार. महिपतबाबांचा जन्म गलबतावर गेला. त्यांच्याकडे एखादा जुना, अस्सल शब्द असेल.

दुसरं. दादूकाकांनी चिपळूणहून एक स्थळ आणलं आहे. रावजीशेठ म्हणून नारळ-सुपारीचे व्यापारी आहेत. मुलगी विमला, मराठी सहावी झालेली. रावजीशेठ नवरात्रात कामासाठी इकडे येणार आहेत, आणि मुलगा बोलतो कसा ते व्याख्यानातच बघतो म्हणाले. दादूकाका मला बजावून गेले, “दम्याचं अक्षर काढू नकोस.” आईबापूस असते तर त्यांना विचारलं असतं. आता तूच सांग.

आत्माराम

*

नाटे,
१९ ऑगस्ट १९२९

चि. आत्मारामास ताईचे आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “फारसी सगळं काढलं तर ‘बंदर’ पण जाईल. मग गलबत लावायचं कुठे, ते तुझ्या भावाला विचार.” उद्या नारळी पुनव, म्हणून घरात नारळांचा ढीग पडलाय आणि मी खवणीवर बसल्या बसल्या कान उघडे ठेवलेत. जे ऐकलं ते लिहिते.

सकाळी शेजारची जनी पाण्याची कळशी घेऊन चढण चढून आली आणि पायरीवर टेकली. “थांब गो, जरा दम खाते,” म्हणालीन. म्हणजे विसावा. जरा वेळाने तिच्या पोराने खायला मागितलंन तर म्हणालीन, “दम धर.” म्हणजे वाट बघ. त्याने ऐकलं नाही तेव्हा त्याला चांगला दम दिलान. म्हणजे दटावलंन. मग माझा भात उतू चालला तर तीच मला म्हणते, “लाकडं ओढ, भात दमावर ठेव.” म्हणजे वाफेवर. एका बाईने एका सकाळीत एवढे दम खर्च केलेन! तुझ्या वकिलाला म्हणावं, एवढ्या सगळ्याला शुद्ध शब्द आण आणि जनीला शिकव.

मामंजींना विचारलं. ते जाळं सांधत होते. आधी हसले, मग म्हणाले, “त्यात सांगायचं काय? दम म्हणजे दम.” मी हट्ट धरला तेव्हा म्हणाले, “गलबतावर नवा खलाशी आला की आम्ही त्याच्या दंडाकडे बघत नसू. पहिल्या दिवशी सगळेच वल्हं मारतात. तिसऱ्या दिवशी कोण मारतो ते बघायचं.” जुना शब्द मात्र त्यांना दुसरा ठाऊक नाही.

आता तुझ्या लग्नाचं. दादूकाका सांगतात ते ऐक. दमा आहे म्हणून कोण दवंडी पिटतं? कोणाला पित्त असतं, कोणाच्या घरात मूळव्याध असते. लग्न झालं, वेळच्या वेळी ऊन-ऊन जेवण मिळालं, की तुझी छाती आपसूक बरी होईल. चांगलं स्थळ हातचं घालवू नको. व्याख्यानाच्या आधी दोन दिवस ताक, दही, केळं बंद. आणि गळ्याला लोकरीचा पट्टा गुंडाळ.

तुझी ताई

*

रत्नागिरी,
३० ऑगस्ट १९२९

ती. सौ. ताईस,
आत्मारामाचा नमस्कार.

तुझं पत्र ड्रॉइंगमास्तरांना वाचून दाखवलं. जनीबाईंना व्याख्यानाला बोलवा म्हणतात.

शब्दाच्या मागे लागून मी पंधरवडाभर वाचनालयात बसलो, आणि ताई, माझीच फजिती झाली. हायस्कुलातल्या फारसीच्या मुनशींकडे गेलो. त्यांनी चहा दिला आणि हसत हसत सांगितलं की फारसीत दम म्हणजे श्वास. श्वासावरून क्षण, कारण एक श्वास जायला लागतो तेवढा वेळ. आपला आजार ‘दमा’ हाही त्याच घरचा. मग ‘सास’? तो मात्र आपला. संस्कृत ‘श्वास’, त्याचा घासून ‘सास’. ‘उसासा’ म्हणतो त्यातला. म्हणजे दमसास हा जोडशब्द आहे, आणि दोन्ही तुकड्यांचा अर्थ एकच, श्वास. जसा बाजार फारसी आणि हाट आपला, मिळून बाजारहाट. कागद त्यांचा, पत्र आपलं, मिळून कागदपत्र.

आता ‘दमणे’ घे. ‘दमलो’ म्हणतो तो कुठून आला? संस्कृतात दम् म्हणजे काबूत आणणे, रेड्याला औताची सवय लावतात तसं. त्यावरून दमलेला म्हणजे नरमलेला, असं म्हणता येतं. पण दम संपला म्हणून दमला, असंही म्हणता येतं. दोन्ही बाजूंचे विद्वान आहेत आणि दोघेही पक्के आहेत. मला निकाल लागत नाही. वकीलसाहेबांपुढे मी संस्कृतची बाजू घेऊन उभा राहिलो होतो आणि ‘दमसास’पुरता तरी खटला हरल्यात जमा आहे.

लग्नाविषयी तू लिहिलंस ते दोनतीनदा वाचलं. ताई, मला ते पटत नाही. लपवून मुलगी आणायची आणि पहिल्याच पावसाळ्यात तिने मला उशी छातीशी धरून शिट्ट्या वाजवताना बघायचं? मी रावजीशेठना आधी सांगावं म्हणतो. स्थळ गेलं तर जाईल. तू हो म्हटलंस तर मला बळ येईल. उलटटपाली लिही.

आत्माराम

*

रत्नागिरी,
२४ सप्टेंबर १९२९

ती. सौ. ताईस नमस्कार.

गणपती आले, गेले, तुझं पत्र नाही. तू रागावली आहेस हे उघड आहे. मी वडीलधाऱ्यांचं ऐकत नाही, दादूकाकांचा शब्द मोडतो, असं तुला वाटत असणार. लहानपणी मी असाच हट्ट केला की तू दोन दोन दिवस बोलायची नाहीस, ते मला आठवतं. पण तेव्हा तू अबोला धरूनही माझं ताट वाढायचीस.

बरं, तुझ्या मनाविरुद्ध करत नाही. रावजीशेठना काही सांगणार नाही. आता तरी चार ओळी लिही. व्याख्यानाची तयारी म्हणावी तशी झालेली नाही.

आत्माराम

*

नाटे,
१ ऑक्टोबर १९२९

चि. आत्मारामास अनेक आशीर्वाद.

अरे खुळ्या, कसला राग? तुझं पत्र आलं ते गणपतीच्या गडबडीत, आणि नंतर माझ्या दोन्ही तळहातांची सालटं गेली होती. लेखणी सोड, भाकरी थापवत नव्हती. दुसऱ्याकडून लिहून घेतलं असतं तर तू घाबरून पहिल्या होडीने इकडे धावला असतास, म्हणून गप्प राहिले. आता हात बरे आहेत, अक्षरावरून कळेलच.

झालं ते सांगते. गणपती पोचवून गडीमाणसं गलबतांवर गेली. तुझे भावोजी मंगळूरला कौलं भरायला गेलेत. वाडीत आम्ही बाया, पोरं आणि म्हातारे. एक दिवस पाऊस उघडला, ऊन पडलं, आणि मामंजींना मासे धरायला गरी टाकायची हुक्की आली. “खाडीच्या तोंडाशी जाऊन येतो” म्हणाले आणि लहान होडी घेऊन गेले. मी आणि जनी किनाऱ्यावर वाळूतल्या तिसऱ्या-शिंपल्या काढत होतो. मान वर केली तर होडी सरळ बाहेर चाललेली आणि मामंजी उभे राहून पंचा हलवतायत. त्यांचं वल्हं मोडलं होतं. ओहोटी भरात होती, पाणी त्यांना दर्यात ओढून नेत होतं.

हाका मारायला गडी नव्हता. जनीच्या घरची होडी वाळूवर होती ती आम्ही दोघींनी पाण्यात लोटली. एका वल्ह्याला मी, एकाला ती. जाताना ओहोटीच आम्हाला नेत होती, म्हणून भरभर गेलो आणि त्यांना गाठलं. त्यांची होडी आमच्या होडीला बांधली, तोंड फिरवलं, आणि मग खरं काय ते कळलं. वल्हं मारावं, होडी जागची हलेना. थांबावं, तर मागे जावं. मी चिडून चिडून मारत होते. एवढ्यात होडी गरगर फिरायला लागली. बघते तर जनीचा हात पडलेला. रडत म्हणालीन, “तुळसा, माझा खांदा श्रावणात पडले तेव्हापासून दुखावलाय गो. तुला बोलले नाय. बोलले असते तर तू मला नेलं नसतंस.”

मला तिचा असा राग आला! आणि मामंजी मागच्या होडीत पान लावत बसलेले. मी ओरडले, “बाबा, पान काय खाता? मरायची वेळ आली!” तर म्हणाले, “कोण मरतंय? पाण्याशी भांडून कोण जिंकलाय? वल्ही आत घ्या. नांगर टाका. दम धरा. पाणी फिरेल तेव्हा तेच नेईल.”

आम्ही नांगर टाकला. दोर ताणून उभा राहिला, पण नांगराने धरून ठेवलंन. मग तिथेच बसून राहिलो. मामंजींनी आम्हाला पान दिलं. जनीचा खांदा चोळून दिला. मलबाराच्या किनाऱ्यावर एकदा वारा पडला तेव्हा गलबत कसं नुसतं तळ्यातल्यासारखं उभं होतं आणि खलाशी कसे एकमेकांची डोकी भादरत बसले होते, ते सांगून हसवलं. आत्मा, मी पाण्याच्या काठाला जन्मले, पण एवढा वेळ भर पाण्यात काहीही न करता कधी बसले नव्हते. बसणं वल्ही मारण्यापेक्षा कठीण. उन्हं कलली तेव्हा दोर सैल पडला. भरतीने आम्हाला आत आणलं, वल्हं नुसतं सुकाणूसारखं धरायचं. किनाऱ्यावर सगळी वाडी जमली होती. मामंजी उतरले आणि टोपली मागितली. त्यांनी मासे धरले होते की!

हे तुझ्या भावोजींना अजून कळवलेलं नाही, तूही कळवू नको.

पण मी तेव्हापासून एकच विचार करत आहे. जनीने वाळूवरच खांद्याचं सांगितलंन असतं तर मी तिला नको म्हटलं असतं का? नाही. दुसरं होतंच कोण? मी तिला दुसऱ्या बाजूला बसवली असती, बऱ्या हाताकडे. जोर बघून बेताने मारलं असतं. सोबत बसणाऱ्याला आपला दम किती ते ठाऊक नको? मी तुला लपव म्हणून लिहिलं ते चुकलं. रावजीशेठना सांग. गेलं स्थळ तर गेलं. रत्नागिरी जिल्ह्यात मुली काय थोड्या आहेत?

व्याख्यान चांगलं कर. ताक पिऊ नको.

ताई

*

रत्नागिरी,
१२ ऑक्टोबर १९२९

ती. सौ. ताईस,
आत्मारामाचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आधी उभ्यानेच घाबरून वाचलं, मग टोपलीतल्या माशांपाशी मी एकटाच मोठ्याने हसलो. महिपतबाबांना नमस्कार सांग. जनीबाईंचा खांदा कसा आहे ते लिही.

व्याख्यान परवा झालं. ते कसं झालं ते तुला नीट सांगायला हवं.

ठरवलं होतं की आधी रावजीशेठना गाठून सांगायचं. पण ते येत होते ती मोटार वाटेत बंद पडली आणि ते आले तेव्हा मी बोलायला उभाच राहिलो होतो. तिसऱ्या रांगेत दादूकाकांशेजारी बसले. उंच, पांढऱ्या मिशा, हातात छत्री. सभागृह भरलेलं. शेजारच्या देवळात नवरात्राची आरती चालली होती आणि उदाचा धूर खिडक्यांतून आत येत होता. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

सुरुवात उत्तम झाली. शम-दम सांगितला, मुनशींचा श्वास सांगितला, बाजारहाट सांगितला. जनीबाईंची सकाळ सांगितली तेव्हा बायकांच्या बाजूला हशा पिकला. आणि ‘दमणे’ या शब्दाशी आलो तोच छातीत ओळखीची शिट्टी वाजली. दोन वाक्यं रेटली. तिसरं निघेना. टेबल धरलं, मग खुर्चीवर बसलो. सगळ्या सभेसमोर माझा भाता चालला होता. कोणी पाणी आणलं, कोणी खिडक्या लावल्या. वकीलसाहेब स्वतः उठून उपरण्याने वारा घालायला लागले. म्हणाले, “मास्तर, राहू द्या. सभा उद्यावर नेऊ.” दादूकाका कोणालातरी सांगत होते, “उन्हातून आलाय, बाकी काही नाही.” मला ते ऐकू आलं.

तेव्हा मला तुमचा तो ताणलेला दोर आठवला. रेटायचं नाही. मी हात वर केला आणि जेवढा श्वास होता तेवढ्यात म्हटलं, “मंडळी, दम धरा.”

एवढे हसले लोक! हसण्याने सभागृहातला ताण गेला, आणि माझाही थोडा गेला. बसलो. लोकही बसून राहिले. कोणी उठून गेलं नाही. आरती संपली, धूर विरला, छाती हळूहळू सुटली. मग उभा राहिलो आणि म्हटलं, “हा उन्हाचा त्रास नव्हे. मला लहानपणापासून दमा आहे. ज्या शब्दाचा उगम सांगायला मी उभा आहे त्याच्याच घरचा हा आजार. आता बेताने बोलतो.” आणि लहान लहान वाक्यांनी, मध्ये थांबत, उरलेलं सगळं सांगून पुरं केलं.

शेवटी वकीलसाहेब म्हणाले, “मास्तर, आपण हरलात. दम फारसीच निघाला.”

मी म्हटलं, “हरलो.”

“आणि शुद्ध शब्दही दिला नाहीत.”

“सहनशक्ती म्हटलं तर सोसणं आलं, धैर्य म्हटलं तर न भिणं आलं. पोहणारा सोसतो म्हणून पोहत नाही आणि भीत नाही म्हणूनही नाही. मला सुचला नाही. आपणास सुचला तर सांगा.”

ते हसले. “तूर्त सहनशक्तीच कोरू,” म्हणाले आणि मला घरी पोचवायला आपली छकडागाडी दिली. माणूस मनाचा मोठा आहे.

पण ताई, सभा उठली तेव्हा रावजीशेठ जागेवर नव्हते. मला न भेटता, एक शब्द न बोलता निघून गेले. दादूकाका माझ्याकडे बघेनात. एवढंच म्हणाले, “भर सभेत सांगायची काय गरज होती?” स्थळ गेलं. वाईट वाटतं का विचारशील, तर हो, वाटतं. पण झोप छान लागली.

आत्माराम

*

नाटे,
१४ नोव्हेंबर १९२९

चि. आत्मारामास आशीर्वाद, आशीर्वाद आणि आशीर्वाद.

बस आधी. पाणी पी.

काल भर दुपारी अंगणात पांढऱ्या मिशांचा एक उंच माणूस येऊन उभा राहिला. हातात छत्री. मी लगेच ओळखला! जैतापूर बंदरात त्यांची सुपारी चढायची होती, म्हणून आले होते. “आत्माराम मास्तरांच्या बहिणीचं घर हेच का?” मी पदर सावरून पाट मांडला. मामंजी बाहेर आले. नारळाचं पाणी दिलं. माझी छाती तुझ्यासारखी वाजत होती.

म्हणाले, “त्या दिवशी मुलाला न भेटता निघालो. चिपळूणची शेवटची मोटार सुटत होती. आणि घरी विचारल्याशिवाय माझ्या एकट्याच्या मनाने काय बोलणार होतो?” मी म्हटलं, “आम्ही समजलो तुम्ही नको म्हणून गेलात.” तर म्हणाले, “आमची यमुनाबाई, विमलाची आई, तसंच म्हणत होती. दम्याचा मुलगा नको. घरात चार दिवस तेच चाललं होतं. शेवटी विमला भाजी निवडता निवडता मला विचारते, ‘बाबा, खाली बसल्यावर तो पुन्हा उठला का?’ मी म्हटलं, उठला. ‘आणि भाषण अर्धंच टाकलंन की पुरं केलंन?’ म्हटलं, पुरं केलंन. ‘मग तुम्ही भांडताय कशावर?’ म्हणालीन आणि भाजी घेऊन आत गेली.”

मी रडले रे. मामंजींनी त्यांना विचारलं, “मुलीचा हात जेवणाला कसा?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ते मनापासून हसले. म्हणाले, “भात करपवते. वाचायला बसते आणि करपवते.” मी म्हटलं, “आमचाही तसलाच आहे. दोघं मिळून करपवतील.”

माघात मुहूर्त बघू म्हणतात. तुझे भावोजी पौषात येतील. त्यांना खाडीतली हकीकत कोणीतरी मंगळुरातच सांगितलीन. मला रागाचं पत्र आलं आणि त्याच टपालाने साडीही आली. जनीचा खांदा बरा आहे. तुझ्या लग्नात वरातीपुढे नाचणार म्हणते.

ताई

*

रत्नागिरी,
२ डिसेंबर १९२९

ती. सौ. ताईस नमस्कार.

तुझं पत्र मिळाल्यापासून शाळेतली पोरं माझ्याकडे बघून हसतात. माझ्या तोंडावर काय लिहिलंय कोण जाणे.

खाडीतल्या शर्यती काल झाल्या. ढाल मिऱ्या गावच्या शिवा म्हणून एका कोळ्याने मिळवली. बाकीचे एकेक करून होडीत चढले, हा आपला मजेत फेऱ्या मारतोच आहे. शेवटी पंचांनाच भूक लागली आणि त्यांनी त्याला बाहेर बोलावलं. ढालीवर ‘सहनशक्ती’ कोरलं आहे. वकीलसाहेबांनी ती हातात देऊन चार शब्द बोलायला सांगितलं. तो डोकं पुसत म्हणाला, “सहनशक्ती म्हणजे काय ता मला ठाव नाय. दम होता, पवलो.” सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या त्या वकीलसाहेबांनी. आता गावभर तिला ‘दमाची ढाल’ म्हणतात.

आत्माराम

*

रत्नागिरी,
४ ऑक्टोबर १९३०

सौ. वन्संना विमलाचा वाकून नमस्कार.

मोठ्या माणसाला पहिलंच पत्र लिहिते, चुकलं तर पोटात घाला. हेच लिहिणार होते, पण परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत, म्हणून मला म्हणाले तूच लिही.

तुम्ही विचारलं होतंत, पावसाळा कसा गेला. खरं सांगते, पहिल्यांदा दमा उठलेला पाहिला तेव्हा मी घाबरून भिंतीला टेकून उभी राहिले. काही सुचेना. हे बोलू शकत नव्हते, तरी हाताने मला खूण केली, बस म्हणून. मी शेजारी बसले. पाठ चोळू का विचारलं तर मान हलवली. मग नुसती बसून राहिले. पुढच्या वेळेला घाबरले नाही. आता मला आधी कळतं, ह्यांनी सांगायच्याही आधी. काढा उकळायला ठेवते आणि खिडकी बघते. भात मात्र तेव्हा हमखास करपतो, पण तो दोघं मिळून खातो.

नवरात्रात किल्ल्यावर भगवतीला जायचं माझ्या मनात होतं. मी बोलले नव्हते. चढण आहे, म्हटलं कशाला? पण अष्टमीला शाळेला सुट्टी, तर हेच म्हणाले, “चल, जाऊ या.” मी म्हटलं, “झेपेल?” म्हणाले, “घाई आहे का तुला?”

निघालो. पायथ्याशी आमच्याबरोबर जत्रेला जावी तशी गर्दी होती. दहा-वीस पावलं झाली की हे थांबायचे. लोक पुढे जायचे. पहिल्यांदा मला ओशाळल्यासारखं झालं, सगळे वळून बघतात असं वाटलं. एक म्हातारी काठी टेकत आमच्या पुढे गेली आणि जाता जाता म्हणालीन, “बसा हो, देवी काय पळून जात नाय.” मग मीही दगडावर बसले. ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात शेंगदाणे होते. ते खाल्ले. खाली मिऱ्याची बाजू दिसत होती, पाण्यावर शिडं सुटली होती. ह्यांनी मला कुठलं गलबत आणि कुठला मचवा ते दाखवलं, आणि मी मुद्दाम चुकवलं तर रागावले. पुन्हा उठलो, पुन्हा बसलो. वरून आरतीची घंटा ऐकू आली, ती थांबलीही. परत येणारे लोक प्रसाद खात आमच्या अंगावरून उतरत होते. एकाने मला सांगितलं, “वहिनी, आरती झाली, आता जाऊन काय करता?” ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर खोचला आणि पुढे चालायला लागले.

वर पोचलो तेव्हा देवळात कोणी नव्हतं. सगळी फुलं ताजी, समया तेवत होत्या, आणि चारी बाजूंनी समुद्राचा वारा. एवढ्या गर्दीच्या दिवशी देवी आम्हा दोघांनाच मिळाली. मी किती वेळ हात जोडून उभी होते मलाच ठाऊक नाही.

गुरव झाडू घेऊन बाहेर आले. आमच्याकडे बघून म्हणाले, “आता आलात?”

हे म्हणाले, “आता आलो.”

आपली,
विमला